फिनिश स्पिट्झ

फिनिश स्पिट्झ : फिनलंडमधील शिकारी कुत्र्यांची जात. ताठ कान, निमुळते तोंड, पाठीवरून वळून मांडीला टेकलेली शेपटी आणि तांबूस-सोनेरी दाट केस ही तिची ओळख. नराची खांद्यापाशी उंची सुमारे ४७ सेंमी., मादीची ४२ सेंमी.; वजन नराचे १२-१३ किग्रॅ., मादीचे ७ ते १० किग्रॅ. एकोणिसाव्या शतकात बाहेरच्या कुत्र्यांशी संकर होत गेल्याने मूळ वाण दुर्मीळ झाला होता. हेल्सिंकीचे दोन शिकारी, ह्यूगो सँडबर्ग आणि ह्यूगो रूस, यांनी दूरच्या खेड्यांतली कुत्री हेरून तो सावरला. १८९२ मध्ये जातीची लक्षणे लिखित स्वरूपात निश्चित झाली आणि १९७९ मध्ये तिला फिनलंडच्या राष्ट्रीय कुत्र्याचा मान मिळाला. कोल्ह्यासारखे देखणे रूप आणि आटोपशीर बांधा यांमुळे परदेशांतली कुटुंबे या कुत्र्याकडे सहज वळतात. मात्र तो आपल्या घरात रमेल का, याचे उत्तर रूपापेक्षा त्याच्या कामात शोधावे लागते, कारण घरातल्या वागण्याच्या बहुतेक तऱ्हा रानातून आलेल्या आहेत.

हे काम मुख्यतः पक्ष्यांच्या शिकारीचे. शिकारी सूचिपर्णी जंगलातून चालत असतो आणि कुत्रा मोकळा, बहुधा नजरेआड, पुढे हिंडत असतो. रानकोंबड्याच्या कुळातला कॅपरकेली हा मोठा पक्षी उठला, की कुत्रा नजर आणि कान लावून त्याच्यामागे धावतो आणि पक्षी बसेल त्या झाडाखाली उभा राहून भुंकू लागतो. आधी अडखळत, मग लय धरून. पक्ष्याचे लक्ष खाली खिळून राहते, माणसाची चाहूल त्या आवाजात बुडते आणि नेम धरण्याइतके जवळ जाता येते. पक्षी उडाला तर पाठलाग पुन्हा पहिल्यापासून. फिनलंडमध्ये या कलेच्या चाचण्या होतात आणि उत्तम भुंकणाऱ्याला दरवर्षी ‘भुंकणाऱ्यांचा राजा’ हा किताब मिळतो. थोडक्यात, शेजारी ज्याची तक्रार करतात त्याच गुणासाठी पिढ्यान्‌पिढ्या नर-माद्या निवडल्या गेल्या. हाक मारल्यावर लगेच न येणे, स्वतःच्या डोक्याने निर्णय घेणे यांचेही मूळ तेच. मालक दिसत नसताना जो काम थांबवील, तो कुत्रा या शिकारीत निरुपयोगी.

यावर आक्षेप असा, की प्रशिक्षणाने कोणतीही सवय मोडते. इशाऱ्यावर गप्प होणे हा कुत्रा शिकतो, आणि ते पिल्लूपणीच शिकवावे. पण आवाज किंवा हालचाल टिपून ती जाहीर करण्याची ऊर्मी शिकवणीने जात नाही, फक्त आवरते. एकसुरी सराव त्याला लवकर कंटाळवाणा होतो आणि दटावणीने तो आणखी अडून बसतो, म्हणून धडे छोटे आणि खाऊचे असावेत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ब्रिटनमध्ये ही जात १९२७ मध्ये पोचली. ज्या देशांत तिच्याकडून शिकार करून घेतली जात नाही, तिथे इतक्या काळात तिचा शिकारी स्वभाव निवळला नसेल का? थोडा निवळलाही असेल. पण तिथे निवड मुख्यतः रूपासाठी झाली, भुंकणे घालवण्यासाठी नव्हे. उलट मायदेशी प्रदर्शनातला विजेतेपदाचा किताब हवा असेल तरी शिकारीच्या चाचणीत यश दाखवावे लागते. त्यामुळे देखणा कुत्रा आणि कामाचा कुत्रा अशी फाळणी तिथे फारशी झाली नाही.

मग हा घरचा कुत्रा नाहीच, असा निष्कर्ष काढणेही उतावळेपणाचे. पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम शरद ऋतूतल्या थोड्या काळापुरता असतो. उरलेले वर्ष हाच कुत्रा फिनिश कुटुंबात, मुलांच्या सहवासात काढतो. घरच्यांवर त्याचा जीव असतो, अनोळखी माणसाशी तो जपून वागतो, पण आक्रमकता हा त्याचा स्वभाव नाही. त्याला एकटे अंगणात बांधून ठेवले तर भुंकणे वाढते, हे ओघानेच आले. रोजचा लांब फेरफटका, कुंपण नसलेल्या जागी पट्टा आणि भिंतीला भिंत नसलेला शेजार एवढे जमवता येत असेल, तर अडचण मोठी राहत नाही. दुहेरी केस तो स्वतः स्वच्छ ठेवतो. केस गळण्याच्या दिवसांत मात्र रोज विंचरावे लागते. हेच केस कडाक्याच्या थंडीसाठी असल्याने मुंबई किंवा गोव्यासारख्या दमट उष्ण हवेत त्याला ठेवणे म्हणजे वातानुकूलित खोलीत डांबणे, आणि हिंडण्यासाठीच घडलेल्या कुत्र्यावर तो अन्याय आहे. जातीत अपस्मार आढळतो, गुडघ्याची वाटी सरकण्याचा दोषही दिसतो. पिल्लू घेताना आई-बापांविषयी या दोन्ही गोष्टींची चौकशी करावी, आणि जमल्यास त्यांना भुंकताना ऐकून घ्यावे.