रविवारची बाग

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यांत बोरी अरब नांवाचें गांव आहे. सभोंवार कापसाची काळी जमीन. पावसाळ्यांत ही माती पायाला सोडीत नाहीं आणि वैशाखांत तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा गांवांतला एखादा शिक्षक किंवा कारकून सुटीच्या दिवशीं दारव्ह्यास नाहींतर यवतमाळास जातो, गुलाबाचीं दोन कलमें, एक मोगरा आणि शेवंतीचें रोप घासाघीस करून घेतो, ऊन कलल्यावर अंगणांत आळीं करून त्यांत शेणखत कालवितो, आणि संध्याकाळीं चहाचा पेला हातीं धरून ओल्या मातीकडे पाहत बसतो. ह्याहून निरुपद्रवी सुख दुसरें कोणतें असेल? येथें इतिहासाचें कांहीं काम नाहीं असेंच प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु त्या रोपांना इतिहास आहे आणि त्या दिवसालाही आहे. आणि दिवस हा रोपांहून पुष्कळच अलीकडे आलेला आहे.

जुन्या मराठी घराला बाग नसे, परसूं असे. न्हाणीचें पाणी जाईल तेथें अळू आणि केळ, कुंपणावर दोडका किंवा कारलें, मागीलदारीं कढीलिंब, देवपूजेपुरती तगर आणि जास्वंद, आणि पुढें वृंदावनांत तुळस. ह्यांपैकीं फारसें कांहीं विकत आणावें लागत नसे. शेजारणीकडे फांदी मागावयाची, आणि आपली रुजली कीं दुसरीला द्यावयाची. बाग हा शब्द फारसी, आणि वस्तु सरदारांची. बागाईत हा जमाबंदींतला शब्द मात्र कुणब्याच्या ओळखीचा; वऱ्हाडांतली बहुतेक जमीन जिराईत असल्यामुळें ज्याच्या विहिरीवर चार वाफे भिजत त्याला गांवांत मान असे. कलम हा शब्द तर अरबी, आणि तो लेखणीलाही चालतो व झाडालाही. आमचा कारकून सहा दिवस एक कलम चालवितो आणि सातव्या दिवशीं दुसरें लावितो, हा योगायोग मला नेहमींच गमतीचा वाटत आला आहे.

ज्या फुलांना आपण आपलीं म्हणून उराशीं धरतों त्यांची कुळकथा पाहूं गेलें तर मोगरा, जाई, पारिजातक आणि सोनचाफा हीं इकडचीं ठरतात. पण ज्याच्यावांचून दसऱ्याचें तोरण होत नाहीं तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. गुलछडीही तिकडचीच. गुलबक्षी अमेरिकेची. देवळाच्या आवारांत पिढ्यान्‌पिढ्या उभा असलेला खुरचाफा मध्य अमेरिकेचा. आणि पेरू व सीताफळ त्याच खंडाचीं. युरोपियनांचीं, विशेषतः पोर्तुगीजांचीं, गलबतें ह्या समुद्रांत फिरूं लागल्यानंतर हा सारा गोतावळा आला. दोन-तीन शतकांत त्यानें देवघरापर्यंत मजल मारली आणि शास्त्र्यांपैकीं कोणीं त्याची जात विचारल्याचें ऐकिवांत नाहीं! बोगनवेल त्या मानानें नवी. 1767 च्या सुमारास ब्राझीलच्या किनाऱ्यावर कोमर्साँ ह्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानें तिचे नमुने घेतले आणि आपल्या तांड्याचा कप्तान बूगेंव्हिल ह्याचें नांव तिला मिळालें. कोमर्साँबरोबर पुरुषवेषानें वावरणारी झान बारे नांवाची एक बाई होती. झाडें गोळा करण्याचे श्रम पुष्कळसे तिचे, नांव मात्र कप्तानाचें.

सर्वच पाहुणे सोज्ज्वळ निघाले असें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्याच्या सरकारी बागेंत घाणेरी शोभेचें झुडूप म्हणून लावली गेली. रंगीबेरंगी फुलांच्या त्या गुच्छांवर कोण भाळणार नाहीं? आज देशभरच्या जंगलांत तिनें गवताची जागा बळकाविली आहे आणि गुराढोरांना ती खातां येत नाहीं. रोप विकत घेणाराच्या हातीं पुढच्या शंभर वर्षांचा हिशेब नसतो.

रोपें मागून आणण्याऐवजीं रोपवाटिकेंतून आणण्याची चाल ही इंग्रजी अमदानीची. दापोडीची सरकारी बाग 1828 सालीं निघाली, गणेशखिंडीची 1873 सालीं. मुंबईची राणीची बाग 1862 च्या नोव्हेंबरांत उघडली. परंतु बागेंत जाण्यास, रोप निवडण्यास आणि आळें करण्यास मोकळा दिवस लागतो. तो कोठून आला हें पाहण्यासाठीं बोरीच्या कापसामागून मुंबईस गेलें पाहिजे.

1867 सालीं रेल्वे नागपुरास पोंचली आणि वऱ्हाडच्या कापसाला मुंबईची वाट सोपी झाली. मूर्तिजापूर-यवतमाळ हा अरुंद फाटा 1903 सालचा. त्यावरील दारव्ह्याच्या स्थानकाला मोतीबाग असें बागेचें नांव असलें तरी फाटा घातला तो कापूस वाहण्यासाठीं. आतां तेथें गाडी धावत नाहीं. कापूस ज्या गिरण्यांत जाई तेथें मजुराला आठवड्याची सुटी नव्हती. सण सोडले तर रोज काम, आणि रविवारींही यंत्रें पुसण्यांत कित्येक तास जात. सरकारी कचेऱ्या रविवारीं बंद असत, पण तो साहेबाच्या देवळाचा दिवस. 1884 सालीं नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं मुंबईंत गिरणी-कामगारांची संघटना उभारली आणि साडेपांच हजार सह्यांचा अर्ज सरकारापुढें ठेविला. 24 एप्रिल 1890 रोजीं महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार मजूर जमले. दोन कामकरी स्त्रियाही तेथें बोलल्या. 10 जून 1890 रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली, आणि पुढच्याच वर्षींच्या कारखान्यांच्या कायद्यांत आठवड्याच्या सुटीला जागा मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, असाही युक्तिवाद लोखंड्यांनीं केला असें सांगतात. तो खराच असेल तर फार शहाणपणाचा होता.

हे लोखंडे जन्मानें फुलमाळी. ज्यांच्या सत्यशोधक विचारांत ते वाढले त्या जोतीरावांचें मूळ आडनांव गोऱ्हे. पेशव्यांना फुलें पुरविण्याचें काम घराण्याकडे आल्यावर तें फुले झालें. ज्या जातीनें पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या देवांसाठीं आणि दुसऱ्यांच्या वेण्यांसाठीं फुलें खुडलीं, तींतल्या एका माणसानें रविवार मिळवून दिला. आणि त्या रविवारीं आपण हौसेनें माळीकाम करतों. इतिहासाच्या पुस्तकांत ह्या गोष्टीला अद्याप पुरेशी जागा मिळालेली नाहीं, असें माझें मत आहे.

रविवार कचेरींत आला, शाळेंत आला, गिरणींत आला. बोरीच्या शेतांत तो आला नाहीं. निंदण आणि वेचणी वार पाहत नाहींत, आणि मजुराचा आठवडा बाजाराच्या दिवशीं संपतो तो सुटी म्हणून नव्हे, तर मीठ-मिरची आणावयाची म्हणून. रोपवाटिकेंत पिशव्या भरणाऱ्या बाईला रविवारींच काम अधिक, कारण गिऱ्हाईक त्या दिवशीं येतें. रीतीनें ठरलेली हक्काची विश्रांति काय ती बैलाला, पोळ्याची. आदल्या सांजेस त्याचे खांदे लोणी-हळदीनें चोळतात, दुसऱ्या दिवशीं मानेवर जूं ठेवीत नाहींत, आणि पुरणपोळी खाऊं घालतात. मात्र त्याला नदीवर नेऊन धुणारा, शिंगें रंगविणारा आणि तोरणाखालीं उभा करणारा गडी त्या दिवशीं पहांटेपासूनच कामाला लागलेला असतो.