वऱ्हाडातील घर आणि शाळा

वऱ्हाडच्या काळ्या जमिनीची आणि तीत पिकणाऱ्या कापसाची कीर्ती येथील विद्येच्या कीर्तीपूर्वीच दूरदेशी पोहोचली होती. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिकडचा कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टी या प्रांताकडे वळली. त्याच दशकात आगगाडी आली. अमरावती, अकोला व खामगाव या बाजारपेठा भरभराटीस आल्या. परंतु ज्याच्या गाडीतून कापूस बाजारात जाई, त्या शेतकऱ्याचा मुलगा बहुधा शाळेच्या दारापर्यंत पोहोचत नसे. गावच्या शाळेत इयत्ता मोजक्या, पुढील शिक्षण परगावी, आणि घरी पेरणी, डवरणी व वेचणी यांत लहान हातांचीही गरज. शाळा सरकारची आणि शेत आपले, अशी घरोघरी समजूत होती. ही समजूत पालटली कशी, हा वऱ्हाडच्या इतिहासातील एक महत्त्वाचा प्रश्न होय.

या पालटाचे श्रेय ज्यांना द्यावयाचे, त्यांत अग्रस्थानी असलेला पुरुष स्वतः शाळेत शिकलेला नव्हता. गाडगेबाबा, म्हणजे डेबूजी झिंगराजी जानोरकर, यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. बालपण अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूरजवळ दापुरे येथे मामाच्या घरी, गुरे राखण्यात आणि शेतीच्या कामात गेले. १९०५ साली त्यांनी घर सोडले. हातात खराटा आणि मडके घेऊन ते गावोगाव फिरले; दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. त्यांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांशी चाललेला संवादच असे. बाबा प्रश्न विचारीत, लोक उत्तर देत आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. देवापुढे बकरे का मारावे, लग्नासाठी कर्ज का काढावे, मुलाला शाळेत का धाडू नये, असे प्रश्न ते विचारीत. जेवणाचे ताट मोडावे लागले तरी चालेल, पण मुलाचे शिक्षण थांबवू नका, असा त्यांचा उपदेश असे. त्या श्रोतृवृंदात घरेच्या घरे बसलेली असत. मुलाला शाळेत घालण्याचा निर्णय ज्यांनी करावयाचा, त्या आईबापांच्या कानी ही गोष्ट एकाच वेळी पडे. रूढ गोष्टीस ‘का’ असे विचारण्याची सवय हा त्या कीर्तनाचा मोठा संस्कार होय. आणि नवे काही शोधून काढणाऱ्या बुद्धीचा आरंभही याच ‘का’पासून होतो.

घराने शिक्षणाचा भार स्वतःच्या खांद्यावर घेतला म्हणजे काय घडते, याचे उदाहरण अमरावती जिल्ह्यातीलच पापळ या गावी आढळते. तेथील शेतकरी शामराव व राधाबाई यांचे चिरंजीव पंजाबराव देशमुख १८९८ साली जन्मले. पापळची शाळा अपुरी पडली, तेव्हा चांदूर रेल्वे, कारंजा आणि अमरावती अशी मजल करीत ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९२० साली विलायतेस जाण्याची वेळ आली, तेव्हा वडिलांनी शेत गहाण टाकून पैसा उभा केला. शेतकऱ्याने शेत गहाण टाकणे म्हणजे पुढल्या वर्षांची भाकरच डावावर लावणे होय. त्या धाडसाचे चीज झाले. वेदवाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहून पंजाबरावांनी ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळविली, बॅरिस्टरही झाले आणि १९२६ साली ते स्वदेशी परतले.

परतल्यावर त्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढून ते सर्व जातींच्या विद्यार्थ्यांस खुले केले. खेड्यातील आईबापांस शहराचे भय वाटे: मूल राहील कोठे, जेवील कोठे आणि बिघडणार तर नाही? वसतिगृह हे या भयाचे उत्तर होते. शहरातील ते दुसरे घरच होय. निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली राहिली, म्हणजे जो धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हता तोही आपोआप गिरविला गेला. १९३२ साली श्रीशिवाजी शिक्षण संस्थेचा पाया घातला गेला. १९४६ साली अमरावतीस आणि १९५४ साली अकोल्यास तिची महाविद्यालये निघाली.

तथापि एक शंका उरतेच. शिकलेला मुलगा शेताकडे पाठ फिरवू लागला, तर घराने केलेल्या त्यागाचे फळ घरास काय? पंजाबराव १९५२ पासून १९६२ पर्यंत केंद्रात कृषिमंत्री होते, आणि शेतीस विद्येची जोड मिळावी हा त्यांचा ध्यास होता. १९६५ साली ते निवर्तले. १९६९ साली अकोल्यास जे कृषी विद्यापीठ स्थापन झाले, त्यास त्यांचेच नाव आहे. ज्या नांगरामुळे मुलाची शाळा सुटत असे, तोच नांगर आता अभ्यासाचा विषय झाला.

मात्र शोधक बुद्धी विद्यापीठातच वसते असे नाही. विदर्भाच्या पूर्व टोकाला, चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या खेड्यात, दादाजी खोब्रागडे नावाचे अल्पशिक्षित व अल्पभूधारक शेतकरी होते. १९८३ साली आपल्या भातशेतीत काही लोंब्या इतरांहून निराळ्या आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले. ते बी त्यांनी वेगळे राखले, वेगळे पेरले आणि वर्षानुवर्षे निवडीत नेले. त्यातूनच ‘एचएमटी’ हा प्रसिद्ध तांदूळ निघाला. निरीक्षण, निवड आणि पुनःपरीक्षा ही शास्त्राची पद्धतीच होय. ती त्यांनी बांधावर उभे राहून आचरिली.

पापळ आणि नांदेड ही दोन्ही उदाहरणे एकत्र पाहिली, म्हणजे शाळेने व घराने एकमेकांस काय द्यावे हे स्पष्ट होते. शुल्क भरले की पालकांचे कर्तव्य संपत नाही; आणि घरात विद्या नाही असे मानण्याचा अधिकार शाळेसही नाही. विहिरीचे पाणी, बियाण्याची पारख, सरकी व बैल यांविषयीचे आईबापांचे ज्ञान वर्गात येऊ द्यावे. वर्गातील ‘का’ संध्याकाळी घरच्या ओसरीवर विचारला जावा. गाडगेबाबांनी आईबापांस प्रश्न विचारिले आणि शामरावांनी शेत गहाण टाकून त्यांचे उत्तर दिले. आजच्या घरास कदाचित शेत गहाण टाकावे लागणार नाही. परंतु मुलाच्या प्रश्नासाठी वेळ काढावा लागेल, आणि पुष्कळ घरांत तोच अधिक दुर्मिळ आहे.