नव्या टाकीचे पाणी: एका समजुतीचा इतिहास

नवी काचेची टाकी भरायची आणि त्याच दिवशी तीत मासे सोडायचे, ही चाल माशांच्या हौसेइतकीच जुनी आहे. पाणी नितळ दिसते, पण माशांच्या कल्ल्यांतून सुटणारा आणि उरलेले खाद्य कुजून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत अजून वाढलेले नसतात. ते वाढू देण्याला हौशी लोक ‘टाकी सायकल करणे’ म्हणतात.

या चुकीला एकेकाळी शास्त्राचाच आधार होता. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाण्याच्या भांड्यात दोन गोल्डफिश, व्हॅलिसनेरियाची रोपे आणि सडकी पाने खाणाऱ्या गोगलगायी एवढेच होते. वनस्पतींनी प्राणवायू पुरवला की पाणी टिकते, असा ‘समतोला’चा निष्कर्ष त्यातून निघाला आणि शंभर वर्षे प्रमाण मानला गेला. अमोनियाचा हिशेब त्यात नव्हता.

तो हिशेब सांडपाण्यावरच्या प्रयोगांतून लागला. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंत्स यांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. मग अमोनियाच्या जागी नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच क्रिया थांबली. म्हणजे हे काम सजीवांचे होते. ते दोन टप्प्यांत होते, आधी नायट्राइट व मग नायट्रेट, हे उलगडणाऱ्यांत वॉरिंग्टन यांचा त्याच नावाचा मुलगा होता. १८९० साली विनोग्राडस्की यांनी हे जिवाणू वेगळे काढले. गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्राइट संपवणारे मुख्य जिवाणू नायट्रोस्पायरा गटातले असतात, हे मात्र १९९८ सालीच कळले.

टाकीत कोणते पाणी भरतो, यालाही इतिहास आहे. विनोग्राडस्कींच्या काळातच वडोदऱ्यात पाण्याची व्यवस्था पालटली. विहिरी-तलावांवर चालणाऱ्या शहराला सयाजीराव गायकवाडांनी आजव्याचा तलाव बांधून दिला. १८९२ साली त्याचे पाणी नळाने आले. रावबहादूर जगन्नाथ सदाशिवजी हे या योजनेचे अभियंते. शहरी नळपाण्यात क्लोरीन पुढच्या शतकात मिसळू लागले. पिणाऱ्याला ते तारक, पण टाकीतल्या जिवाणूंना, श्लोसिंग यांच्या क्लोरोफॉर्मसारखेच, मारक.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका या इतिहासातूनच समजतात. रोपे लावली, पाणी निवळले म्हणून टाकी तयार मानणे, हा वॉरिंग्टन यांचा वारसा. एकदम डझनभर मासे सोडले, तर जिवाणूंच्या वाढीआधीच अमोनिया साचतो. स्पंज फिल्टर नळाखाली खळखळून धुतला, तर त्यावर बसलेली वसाहत क्लोरीनने मरते. तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा. उलट, ‘सायकल मोडेल’ या भीतीने पाणी मुळीच न बदलणेही चूक, कारण जिवाणू मुख्यतः खडीवर व स्पंजवर राहतात. क्लोरीन काढलेल्या पाण्याने थोडा थोडा बदल करता येतो. वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात जास्त जपावे लागते: पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो आणि अमोनियाचा विषारी अंश वाढतो.

टाकी तयार होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनियाचा पुरवठा चालू असताना अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर राहिले आणि नायट्रेट दिसू लागले, की मासे थोडे थोडे सोडता येतात.