शिंगाळ्याची रात्रीची मासेमारी व चांदणे

शिंगाळ्याची रात्रीची मासेमारी व चांदणे : शिंगाळा, शिंगटी, मागूर अशा मिशाळ माशांची रात्रीची मिळकत चंद्रप्रकाशाने कमी-जास्त होते का, हा मच्छीमार आणि हौशी गळवाले यांच्यातील जुना वादविषय. मुंबईच्या उत्तर टोकाला, दहिसर–गोराई–मनोरी पट्ट्यात, त्याचे उत्तर पाण्याच्या जातीवर ठरते. येथील पाणी खाडीचे, गढूळ आणि दिवसातून दोनदा चढणारे-उतरणारे. अशा पाण्यात चंद्राचा प्रभाव दोन वाटांनी येतो : त्याच्या उजेडाने आणि त्याच्या ओढीने. शिंगाळ्यापुरते पाहिल्यास ओढीचा परिणाम मोठा व उजेडाचा किरकोळ आहे.

क्षेत्र : दहिसर नदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावते. सुमारे 12 किमी. वाहून, श्रीकृष्णनगर, दौलतनगर, कांदरपाडा व दहिसर गावठाणाच्या बाजूने ती तिवरांच्या जंगलात शिरते आणि मनोरीच्या खाडीला मिळते. उद्यानातील तिचे पाणी पावसाळ्यानंतर नितळ असते. वस्तीत शिरल्यावर तबेल्यांची घाण व सांडपाणी तिच्यात मिसळते. खाडीच्या तोंडाशी गोराई व मनोरी ही कोळ्यांची जुनी गावे आहेत. तिवरांच्या मुळांत कोलंबी, चिंबोऱ्या, निवट्या व चिखलातले किडे भरपूर असतात. भरतीचे पाणी तिवरांत चढले की शिंगाळा त्यांच्या मागावर आत येतो आणि ओहोटीबरोबर खाजणातल्या नाळांतून बाहेर पडतो.

मासे : शिंगाळा हे ॲरिइडी कुलातील समुद्री व खाडीतील जातींचे नाव. या कुलातील नर फलित अंडी तोंडात धरून उबवतो आणि त्या काळात जवळजवळ काहीच खात नाही. अंडी आकाराने मोठी व संख्येने थोडी असल्यामुळे उबवणारे थवे जाळ्यात सापडले की पुढची पिढीच जाते. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांनी असे थवे उचलल्याचा फटका या माशांना बसला. निमखाऱ्या पाण्यात मिस्टस गुलियो ही लहान शिंगटी, तर गोड्या पाण्यात शिंगी (हेटरोप्न्यूस्टिस फॉसिलिस) व मागूर (क्लेरियस) आढळतात. शिंगी व मागूर हवेतला प्राणवायूही घेऊ शकतात, त्यामुळे कमी प्राणवायूच्या पाण्यात ते तग धरतात. बाहेरून आणलेल्या आफ्रिकन मागुराच्या संवर्धनाला भारतात बंदी आहे.

ज्ञानेंद्रिये : चांदण्याचा प्रश्न सोडवण्याआधी हा मासा भक्ष्य कशाने शोधतो ते पाहावे लागते. मिशाळ माशांच्या मिशांवर रुचिकलिका दाटीने असतात. अनेक जातींत त्या अंगभर, अगदी शेपटीपर्यंत पसरलेल्या असतात. वाताशय व आंतरकर्ण यांना जोडणाऱ्या लहान हाडांच्या साखळीमुळे (वेबरचे उपकरण) त्यांचे कान तिखट असतात. होडीच्या फळीवर आपटलेले वल्हे किंवा काठावरची धपधप त्यांना उजेडापेक्षा लवकर सावध करते. भक्ष्याच्या शरीरातून निघणारे क्षीण विद्युतक्षेत्रही त्यांच्या त्वचेतील ग्राहकांना कळते. युरोपातील वेल्स (सिल्युरस ग्लानिस) हा मासा पूर्ण अंधारात, पोहून गेलेल्या माशाने पाण्यात मागे सोडलेल्या खळबळीचा माग काढत त्याला गाठतो, असे 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. जॉन कॅप्रिओ व सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवले की, जपानी प्लोटोसस हा मासा चिखलात दडलेल्या किड्याच्या श्वसनाने पाण्याच्या आम्लतेत पडणारा बारीकसा फरकही ओळखतो. एवढी साधने असलेल्या माशाला खाण्यासाठी चांदण्याची गरज नाही. काळोखाने त्याचे अडत नाही आणि उजेडाने त्याचे फारसे साधत नाही.

चांदण्याचे मोजमाप : दुपारचे ऊन सुमारे 1,00,000 लक्स भरते, तर पौर्णिमेचा चंद्र माथ्यावर असतानाही प्रकाश 0.1 ते 0.3 लक्सच्या आसपास राहतो. अष्टमीचा अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा उजेड देईल असे वाटते, पण प्रत्यक्षात तो सुमारे एक-दशांशच असतो. हा प्रकाश नितळ तलावात काही मीटर खोल पोचतो. दहिसरच्या खाडीत मात्र गाळामुळे तो वरच्या थरातच अडतो आणि तळाशी चरणाऱ्या शिंगाळ्यापर्यंत त्याचा अंशच उतरतो. त्यातच बोरिवली, दहिसर, मिरा-भाईंदरच्या दिव्यांचा झगमगाट ढगांवरून परावर्तित होतो, त्यामुळे येथे निखळ काळोख अमावास्येलाही मिळत नाही.

उधाण व भांग : अमावास्या व पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात व पाणी जास्तीत जास्त चढते-उतरते, ते उधाण. दोन्ही अष्टम्यांच्या सुमारास चढउतार कमी होतो, तो भांग. उधाणाचा कळस तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येतो. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी चार-साडेचार मीटरांपर्यंत चढते व ओहोटीला तळ दाखवते. भांगाला हा फरक निम्म्याहून कमी होतो. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा परंपरागत हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करावी. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात आणि पौर्णिमेला सव्वाअकरा. प्रत्यक्ष वेळ यापुढे-मागे होते, आणि खाडीत आत जावे तशी भरती उशिरा पोचते. तरी रात्रीचा बेत ठरवायला एवढे पुरते. भरती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते.

याचा सरळ अर्थ असा की मुंबईत पौर्णिमेची रात्र म्हणजे मध्यरात्रीच्या सुमाराची मोठी भरती आणि पहाटेपर्यंतची जोरदार ओहोटी. हिवाळ्यात रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते, पावसाळ्यात उलट. म्हणून मार्गशीर्ष-पौषातील पौर्णिमेला तिवरांच्या आतल्या, एरवी कोरड्या राहणाऱ्या चिखलावरही मध्यरात्री पाणी उभे राहते. तेथे चरायला गेलेले मासे एक-दीडनंतर पाणी फिरले की नाळांच्या तोंडाशी येतात, आणि गळवाल्याला मासा लागतो तो तेव्हा. डोक्यावर लख्ख चांदणे असते म्हणून श्रेय त्याला जाते. पण अमावास्येलाही पाण्याची वेळ हीच असते, फक्त उजेड नसतो.

उजेड व ओढ वेगळी करणे : पौर्णिमा व अमावास्या ही उधाणाची जोडी आणि शुक्ल व कृष्ण अष्टमी ही भांगाची जोडी. प्रत्येक जोडीत पाणी जवळपास सारखे, चांदणे वेगळे. शुक्ल अष्टमीला चंद्र मध्यरात्री मावळतो, त्यामुळे पूर्वरात्र उजळ व उत्तररात्र अंधारी. कृष्ण अष्टमीला नेमके याच्या उलट. एकाच जागी, एकाच आमिषाने, ओहोटीच्या त्याच प्रहरात या चार तिथींना गळ टाकून नोंद ठेवली तर चांदण्याचा वाटा निराळा काढता येतो. केवळ पौर्णिमेची अष्टमीशी तुलना केली तर उजेड, प्रवाह व भरतीची वेळ या तिन्ही गोष्टी एकदम बदलतात आणि निष्कर्षाला अर्थ राहत नाही. मासेमारीवरच्या बऱ्याच चंद्रकथांची गफलत येथेच होते.

अमेरिकन लेखक जॉन ऑल्डन नाईट यांच्या ‘सोल्युनर’ कोष्टकांनाही (1936) हीच अडचण आहे. चंद्र माथ्यावर व पायाखाली असण्याच्या वेळा मासे चरण्याच्या मुख्य वेळा म्हणून त्यांत दिल्या आहेत. मुंबईत या वेळा भरतीच्या कळसाच्या जवळपास पडतात. म्हणून कोष्टक येथे खरे ठरलेले दिसले, तरी ते भरतीचेच कोष्टक असते.

चांदणे खरोखर कोठे चालते : नितळ व संथ पाण्यात चांदण्याचे महत्त्व मोठे आहे. मोझांबिकमधील काहोरा बासा जलाशयात ग्लिविच यांना 1986 मध्ये असे आढळले की, पौर्णिमेनंतरच्या रात्री सूर्यास्तानंतर अंधारात वर आलेले सूक्ष्म प्राणी चंद्र उगवताच उघडे पडतात व डोळ्यांनी शिकार करणारे मासे त्यांचा फडशा पाडतात. अशा जागी लहान मासे चांदण्यात खोल किंवा आडोशाला जातात आणि त्यांच्यामागे मोठे मासेही जागा बदलतात. मागूर-शिंगीसाठी नितळ तळ्यावर गळ टाकणाऱ्याने म्हणून चांदण्या रात्री झाडाच्या सावलीतले व खोल पाणी धरावे. दिवे लावून होणाऱ्या मासेमारीलाही पौर्णिमा मारक असते, कारण चंद्रापुढे दिव्याचे आकर्षण फिके पडते. भारताच्या सागरी क्षेत्रात एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर 2017 पासून बंदी आहे.

जाळ्यांच्या बाबतीतही उजेडाचा थोडा संबंध येतो. वरच्या थरातील बोयसारखा डोळस मासा चांदण्यात जाळे चुकवतो. उलट गडद काळोखात पाण्यातील सूक्ष्म जीव चमकू लागले तर जाळ्याचा धागान्‌धागा उजळतो, आणि चांदण्यात ही चमक लपते. मुंबईचे डोल जाळे तर पूर्णपणे प्रवाहावर चालते : खुंटांना बांधलेल्या पिशवीत ओढच मासा भरते, त्यामुळे त्याचा हंगाम उधाण-भांगावर हलतो.

खबरदारी : शिंगाळ्याच्या पाठीवरचा व दोन्ही बाजूंच्या परांचा पहिला काटा करवती व विषारी असतो. मासा घाबरला की हे काटे ताठ करून अडकवून ठेवतो. रात्री गळ सोडवताना होणाऱ्या जखमा बहुधा यांच्याच. हे विष उष्णतेने निकामी होते, म्हणून जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-एक तास धरावी व काट्याचा तुकडा आत राहिल्यास डॉक्टरांकडून काढून घ्यावा. उधाणाच्या रात्री तिवरांतल्या चिखलात उतरलेल्याची परतीची वाट भरती झपाट्याने बुडवते. मुंबई परिसरातील तिवरे संरक्षित आहेत आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील पाण्यात मासेमारीला मनाई आहे. सागरी मासेमारीची पावसाळी बंदी 1 जूनपासून लागू होते.

निष्कर्ष : दहिसर-मनोरीच्या गढूळ खाडीत चांदणे शिंगाळ्याला पळवत नाही आणि बोलावतही नाही. रात्र निवडताना आधी तिथीवरून उधाण-भांग पाहावे, तिच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढावी व पाणी फिरल्यानंतरचे पहिले दोन तास हाती ठेवावेत. चंद्र दिसतो की ढगाआड आहे, याचा विचार नितळ तळ्याच्या काठी करावा.