बारशाच्या घुगऱ्या ते रिटर्न गिफ्ट

शाळा सुरू झाल्या की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन विषय हमखास निघतात. एक शाळेच्या रिक्षाचा आणि दुसरा वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टचा. द्यायचं की नाही, द्यायचं तर कितीचं, वर्गात वाटायचं की घरी बोलवून द्यायचं? एक गट म्हणतो, हे कसलं नवीन फॅड, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. दुसरा गट म्हणतो, पोरांची हौस आहे, दिलं तर बिघडलं कुठं?

दोन्ही गटांचं अर्धं अर्धं बरोबर आहे. म्हणून म्हटलं, या विषयावर भांडण्याआधी जरा मागे जाऊन बघू. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

"आमच्या वेळी नव्हतं" हे खरंच आहे, पण त्याचं कारण वेगळं. आमच्या वेळी बहुतेक घरांत वाढदिवसच नव्हता. आपल्या भागातल्या पन्नाशी-साठीच्या माणसांची कागदपत्रं काढून बघा. निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा! जूनमध्ये शाळा भरायची, पोराला घेऊन बाप शाळेत जायचा, जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची. मग मास्तर वयाचा अंदाज घेऊन १ जून टाकून द्यायचे. सरकारी नियमानुसार महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे दरवर्षी ३१ मे रोजी राज्यातल्या कार्यालयांत निरोप समारंभांची रांग लागते. मास्तरांच्या त्या टाकाची ही करामत.

जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा आणि महाराष्ट्रात तो लागू झाला १ एप्रिल १९७० पासून. त्याआधीही नोंदी व्हायच्या, नाही असं नाही, पण खेड्यापाड्यात जन्म लक्षात राहायचा तो "दुष्काळाच्या साली", "आखाड्याच्या जत्रेच्या आधी चार दिवस" असा. ज्या घरात पंचांग होतं तिथे तिथीने वाढदिवस व्हायचा. पाटावर बसवून औक्षण, देवाला नमस्कार, मोठ्यांच्या पाया पडणं आणि ताटात शिरा किंवा पुरणपोळी. बाहेरचं कुणी बोलावलेलं नसायचं, त्यामुळे परत काही द्यायचा प्रश्नच नव्हता.

पण म्हणून मुलांच्या निमित्ताने काही वाटलं जात नव्हतं, असं मात्र कुणी समजू नये. उलट आपल्याकडे मूल जन्मल्यापासून वाटणं सुरू होतं. बारशाला घुगऱ्या वाटतात. "तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी" हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी माणूस सापडायचा नाही. त्या वाक्यातच सगळं आलं. घुगऱ्या खाणारा माणूस त्या पोराच्या जन्माचा साक्षीदार झाला. पुढे आयुष्यभर त्याला रागवायचा हक्कही त्याला मिळाला. मूठभर उकडलेल्या धान्यात एवढं सगळं मिळायचं.

मग येतं बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही. लहान पोराला काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे. खाली पडलेलं आजूबाजूच्या पोरांनी लुटायचं. कुणाच्या हाताला किती लागलं याचा हिशोब नाही. शेजारच्या वाड्यातलं न बोलावलेलं पोर आलं तरी तेही मूठ भरून घेऊन जायचं. शेंगा मोजून पिशव्या भरून नावं लिहून ठेवल्यात, असं बोरन्हाण मी तरी पाहिलेलं नाही.

भाषेकडे लक्ष द्या. घुगऱ्या "वाटतात", बोरं "लुटतात", संक्रांतीचं वाणसुद्धा "लुटतात". देणाऱ्या घरानेच म्हणायचं, लुटा. त्यात परतफेड कुठंच नाही.

राजेरजवाड्यांकडे हेच मोठ्या प्रमाणावर चालायचं. अबुल फजलने 'आइन-इ-अकबरी'त बादशहाच्या तुळेची सविस्तर माहिती दिली आहे. अकबराची वर्षातून दोनदा तुळा व्हायची, एकदा सौर वाढदिवसाला आणि एकदा चांद्र वाढदिवसाला. एका पारड्यात बादशहा, दुसऱ्यात सोनं, रेशीम, तांबं, लोखंड, तूप, धान्य, मीठ असं एकेक करून. हे सगळं नंतर दान व्हायचं. यातला आपल्या विषयाचा भाग पुढे आहे. शाहजाद्यांचीही तुळा व्हायची. पहिली तुळा दोन वर्षांचे झाल्यावर, फक्त एकाच वस्तूने. पुढे दरवर्षी एक वस्तू वाढवायची. म्हणजे पोर जसं वाढेल तसं त्याच्या हातून जाणारं दान वाढेल. वाढदिवसाचा हा अर्थ मला फार आवडतो.

जहांगीरच्या वाढदिवसाचं वर्णन इंग्रज वकील सर टॉमस रो याने लिहून ठेवलं आहे. साल १६१७, ठिकाण मांडू. तुळा झाल्यावर बादशहाने चांदीच्या पातळ पत्र्याचे बदाम, फळं, मसाल्याचे दाणे दरबारात उधळले आणि मोठमोठे सरदार जमिनीवर पालथे पडून ते गोळा करू लागले. रो साहेब वाकले नाहीत, तेव्हा बादशहाने जवळजवळ भरलेलं एक तबक त्यांच्या झग्यातच ओतलं. थोडक्यात काय, मांडूच्या दरबारात चांदीचं बोरन्हाणच झालं म्हणा! आपल्याकडे १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांची सुवर्णतुळा झाली, तो प्रसंग वाढदिवसाचा नव्हता, पण रीत तीच. ज्याचा मान, त्याने द्यायचं.

आता कुणी म्हणेल, पत्रकारसाहेब, जुनं ते सगळं सोनं का? अजिबात नाही. ते दान कुणाला मिळायचं आणि कुणाला नाही, हे जातीवर ठरायचं. घुगऱ्या कुठल्या आळीपर्यंत जायच्या आणि कुठे थांबायच्या, हे जुन्या माणसांना विचारा. हळदीकुंकवाच्या वाणातून विधवा बाईला बाहेर ठेवलं जायचं, अजूनही बऱ्याच घरांत ठेवलं जातं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. रूढी आभाळातून पडत नाही आणि कायमचीही नसते, एवढं यावरून कळतं. गावाने बसून ठरवलं तर ती बदलते.

मग रिटर्न गिफ्ट आलं कुठून? इंग्लंड-अमेरिकेत पाहुण्या पोरांना जाताना जी छोटी पिशवी देतात तिला "गुडी बॅग" किंवा "पार्टी फेव्हर" म्हणतात. "रिटर्न गिफ्ट" हा शब्दप्रयोग आपल्याकडचा. वस्तू बाहेरून आली, नाव आपण ठेवलं. आणि नाव ठेवताना आपल्या डोक्यात घुगऱ्या नव्हत्या, आहेर होता.

आहेराची रीत वेगळी. तिथे वही असते. लग्नमांडवात एक जण वही घेऊन बसतो, अमक्याचे शंभर, तमक्याची साडी, असं लिहून घेतो. पुढे त्या घरी कार्य निघालं की वही उघडायची आणि तेवढंच, जमलं तर थोडं जास्त परत करायचं. अडीअडचणीच्या काळात आहेराने लग्नघराला हातभार लागायचा, हे मान्य. पण वही आली की देणं हे देणंच होतं, म्हणजे कर्ज. मराठीत "देणं" या शब्दाचे दोन्ही अर्थ आहेत ते उगाच नाही.

या दोन रीतींच्या मध्ये एक छान काळ येऊन गेला. शाळेत गोळ्या वाटायचा. वाढदिवसाच्या पोराला त्या दिवशी रंगीत कपड्यांची मुभा, सोबत एक जिवलग मित्र, हातात गोळ्यांची पिशवी, आणि वर्गावर्गात "मे आय कम इन, सर". वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली मालेगाव तालुक्यातल्या रावळगावात साखरेचा उद्योग उभा केला आणि १९४२ पासून तिथे गोळ्या बनू लागल्या. त्या रावळगावच्या गोळ्यांवर महाराष्ट्रातल्या कितीतरी पोरांचे वाढदिवस झाले. (२०२४ मध्ये रिलायन्सने हे गोळ्यांचे ब्रँड २७ कोटींना विकत घेतले. आपल्या बालपणाची किंमत बघा!) त्या गोळीची खुबी अशी की डॉक्टरच्या पोराकडूनही एकच आणि हमालाच्या पोराकडूनही एकच. सगळ्यांना सारखी. आणि परतफेडीचा प्रश्न नाही, कारण गोळी घेणाऱ्याने काही दिलेलंच नव्हतं.

आता आपल्या गावात काय चाललंय ते बघा. बाजारपेठेत बर्थडे डेकोरेशनची दुकानं झाली आहेत. तिथे गेलं की पहिला प्रश्न: किती नग, बजेट काय? कंपास, पाण्याची बाटली, चावीची गाडी, की मग चमकीच्या कागदातलं काहीतरी. पन्नासात घ्यायचं पण शंभराचं दिसलं पाहिजे. पोरं घरी येऊन पहिल्यांदा काय सांगतात? केक कसा होता ते नाही. "त्याने काय दिलं" ते सांगतात. आणि आई लगेच मनात वही उघडते. आपण दोनशेचं नेलं होतं.

वस्तूंचंही जरा बघू. २०२० साली केंद्राने आयात खेळण्यांवरचा कर २० टक्क्यांवरून ६० टक्के केला, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. तरी रिटर्न गिफ्टच्या पिशवीतून निघणाऱ्या शिट्ट्या, भिंगऱ्या, चिकटणाऱ्या माकडांवर तो मार्क शोधून दाखवा. फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्यांवर देशभरात १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडीत डोकावून बघा.

पण कचरा आणि खर्च हे माझं मुख्य दुखणं नाही. मुख्य गोष्ट पुढची.

आपल्या शाळांत अजूनही एका बाकावर दुकानदाराचं पोर आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईचं पोर शेजारी बसतं. मोठ्या शहरांत हे आता दुर्मीळ झालं, आपल्याकडे आहे, आणि ही आपल्या गावाची श्रीमंती आहे. वाढदिवसाचं आमंत्रण दोघांनाही जातं. पण दुसरं पोर येत नाही. "पोट दुखतंय" म्हणून सांगतं. खरं कारण घरात ठरलेलं असतं. भेट न्यायला पैसे नाहीत आणि रिकाम्या हाताने जायचं नाही. आणि त्या पोराचा स्वतःचा वाढदिवस आला की ते कुणाला बोलावतच नाही. शिरा करता येईल, चिवडा करता येईल, पण वीस पोरांना गिफ्ट कुठून देणार? जातीने घुगऱ्या ज्या आळीपाशी थांबवल्या होत्या, तिथेच आज रिटर्न गिफ्ट पैशाच्या नावाने थांबतंय. त्या पोराला सातव्या-आठव्या वर्षी कळतं की आपण या वहीत बसत नाही. हे शिकवायला आपण शाळेत घालतो का पोरांना?

म्हणून माझं म्हणणं असं: द्यायचं बंद करू नका, "रिटर्न" बंद करा.

करता येण्यासारख्या चार गोष्टी लिहितो.

एक. लग्नपत्रिकेच्या खाली आपण कित्येक वर्षं छापत आलोय, "कृपया आहेर आणू नये, आपली उपस्थिती हाच आहेर." हीच ओळ वाढदिवसाच्या व्हॉट्सॲप आमंत्रणात टाका. भेट येणार नाही, मग परत करायचंही काही राहत नाही. आणि ज्याच्या घरी बरं आहे त्याने हे आधी सुरू करावं. गरिबाने सुरू केलं तर लोक त्याला कंजूष म्हणतात.

दोन. वाटायचं असेल तर खाऊ वाटा, सगळ्यांना सारखा. राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, ऋतू असेल तर बोरं आणि ऊस. आणि न बोलावलेलं पोर दारात दिसलं तर त्यालाही. वस्तूच द्यायची असेल तर शाळेच्या ग्रंथालयाला एक पुस्तक किंवा वर्गाला एक चेंडू द्या, तो सगळ्यांचा होतो. खेळण्यांची हौसच असेल तर सावंतवाडीची लाकडी खेळणी आहेत की आपली.

तीन. शाळेच्या पोषण आहार योजनेत "तिथी भोजना"ची सोय आहे. गुजरातेत सुरू झालेली ही कल्पना केंद्राच्या पीएम पोषण योजनेतही आहे. वाढदिवसासारख्या दिवशी गावातल्या कुणीही शाळेतल्या पोरांना गोडधोड जेवण किंवा वरचा एखादा पदार्थ द्यायचा. मुख्याध्यापकांना भेटून विचारा. वीस गिफ्टच्या पैशात वर्गाला श्रीखंड होतं.

चार. हे एकट्याने ठरवून होत नाही. एकट्या आईवर "यांनी काहीच दिलं नाही" असा शिक्का बसतो. शाळेच्या पालक सभेत वर्गाने मिळून ठरवावं. हेरवाडने त्याहून कितीतरी अवघड गोष्ट ठराव करून बदलली. आपल्याला फक्त एक पिशवी बदलायची आहे.

दुकानदार बंधूंनी रागावू नये. लाडू, चिक्की, पुस्तकं, चेंडू हेही दुकानातूनच येणार आहेत.

मोठेपणी कुणाला कंपास आठवत नाही. पण "तुझ्या वाढदिवसाला मी आलो होतो" असं हक्काने म्हणणारी माणसं गावात असली तर ती आयुष्याला पुरतात. आणि ती असायची तर आधी दार सगळ्यांना उघडं पाहिजे.

तुमच्या शाळेत, गल्लीत याबाबत काय ठरलंय? कुणी वेगळं काही करून बघितलं असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा. वेगळं मत असेल तर तेही लिहा. फक्त कुणाच्या पोराचं नाव घेऊ नका.