निवडीचा निकष : पुरुषबीजाच्या पारखीचा इतिहास

अपत्यहीन दांपत्याच्या दुःखावर आपल्या समाजाला शतकानुशतके व्रतवैकल्ये, नवससायास, दत्तकविधान आणि पुरुषाचे दुसरे लग्न एवढेच उपाय ठाऊक होते, आणि त्या साऱ्या उपायांत दोषाचा भार स्त्रीच्या माथी टाकून पुरुषाला चौकशीतून सहीसलामत सोडून देण्याची रीत होती. म्हणून ज्या विद्येने पुरुषबीजाची प्रथमच कसून झडती घेतली, त्यातील समर्थ कोणते आणि दुर्बल कोणते याचा विवेक केला, आणि समर्थ तेवढे वेचून स्त्रीबीजाच्या भेटीला धाडले, त्या विद्येच्या इतिहासाकडे मी न्यायाच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून पाहतो. तिच्याच एका शाखेला पुढे आपल्या देशात कायद्याने मनाई करावी लागली, हेही त्याच प्रकरणाचे उत्तरार्धातील पान होय.

डेल्फ्ट या डच नगरातील कापडाचे व्यापारी अँटनी फान लेव्हेनहूक यांच्याकडे १६७७ साली योहान हाम नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी एका रुग्णाच्या वीर्याचा नमुना घेऊन आला, तेव्हा स्वहस्ते घासलेल्या भिंगातून त्यांना शेपट्या हलवीत पोहणारे असंख्य सूक्ष्म जीव दिसले. निरोगी माणसाच्या वीर्यातही ते असतात अशी खातरजमा करून त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिले, आणि विद्वज्जनांना विषय अश्लाघ्य वाटल्यास ते खुशाल नष्ट करावे अशी मुभाही दिली. सोसायटीने पत्र छापले. परंतु हे जीव प्रजोत्पादनाचे कारण आहेत की वीर्यात वाढलेले परोपजीवी आहेत, हा वाद त्यानंतर जवळजवळ दीड शतक चालला.

त्या वादातील सर्वांत बोधप्रद प्रयोग इटलीतील पाविया विद्यापीठाचे धर्मोपदेशक-शास्त्रज्ञ लाझारो स्पालान्झानी यांनी केले. नर बेडकांना तलम रेशमी कापडाच्या चड्ड्या शिवून घालाव्यात आणि मादीची अंडी वांझ राहतात हे पाहावे, मग त्या चड्ड्यांत साठलेले वीर्य अंड्यांना लावावे आणि त्यांतून बेडूकमासे निघतात हे पाहावे, अशा धीराच्या पद्धतीने त्यांनी गर्भधारणेला वीर्याचा प्रत्यक्ष स्पर्श लागतो हे सिद्ध केले, आणि १७८० साली एका कुत्रीच्या गर्भाशयात पिचकारीने वीर्य सोडून, बासष्टाव्या दिवशी जन्मलेल्या तीन पिलांच्या रूपाने त्याची साक्ष सस्तन प्राण्यांतही मिळविली. याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी वीर्य कागदातून गाळले. कागदाचे थर वाढवीत नेले तसतसे खाली उतरणारे द्रव निष्फळ होत गेले, आणि कागदावर उरलेला गाळ पाण्यात कालवून अंड्यांना लावताच ती फलित झाली. सत्य अक्षरशः त्यांच्या हातात होते; तथापि पिंड मूळचाच अंड्यात असतो या पूर्वग्रहाने त्यांची दृष्टी इतकी बांधली गेली होती की, त्या गाळातील शुक्रजंतूंना त्यांनी श्रेय दिले नाही. १८२४ साली प्रेव्हो आणि ड्यूमा या जोडीने तोच गाळण्याचा प्रयोग पुन्हा करून त्याचा योग्य अर्थ लावला. पुरुषबीज वेगळे काढण्याच्या कलेचा आरंभ मी या कागदी गाळणीपासून मानतो, आणि साधन हाती असूनही पूर्वग्रह माणसाला किती आंधळे करू शकतो, हा धडाही तिच्याच पदरी बांधतो.

मानवाच्या बाबतीत ही निवड निसर्गतः स्त्रीच्या देहात होते. कोट्यवधी शुक्रजंतूंपैकी गर्भाशयमुखाचा स्राव ओलांडून बीजवाहिनीपर्यंत काही शेकडाच पोहोचतात. आणि तेथेही काही काळ राहिल्यावाचून त्यांच्या अंगी फलन करण्याची पात्रता येत नाही, ही गोष्ट १९५१ साली अमेरिकेत एम. सी. चँग आणि ऑस्ट्रेलियात सी. आर. ऑस्टिन यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे दाखविली. गर्भधारणा काचपात्रात घडवायची म्हटल्यावर देहाचे हे काम प्रयोगशाळेला आपल्या शिरावर घ्यावे लागले. वीर्यावर पोषक द्रवाचा थर ठेवून त्यात आपल्या बळावर वर पोहून येतील तेवढेच शुक्रजंतू उचलावेत, किंवा सिलिकाच्या सूक्ष्म कणांच्या कमीअधिक घनतेच्या थरांतून वीर्य यंत्रावर फिरवून तळाशी जमणारे परिपक्व शुक्रजंतू घ्यावेत, असे दोन मार्ग रूढ झाले. १९७८ साली इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन ही जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्याच वर्षी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी साधलेले असेच यश सरकारी समितीने खोटे ठरविले; आणि ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नाने मुंबईची टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली.

१९९२ साली ब्रसेल्स येथे पालेर्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच शुक्रजंतू सुईने थेट स्त्रीबीजात सोडण्याची इक्सी पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा ज्या पुरुषांना पितृत्वाची आशाच उरली नव्हती त्यांना ती मिळाली. पण निवडीचा अधिकार पोहण्याच्या शर्यतीकडून सूक्ष्मदर्शकाशी बसलेल्या तज्ज्ञाच्या नजरेकडे गेला. वरून सुबक दिसणाऱ्या शुक्रजंतूच्या पोटातील गुणसूत्रे भंगलेली असू शकतात. म्हणून कोणी सहा हजार पटींहून अधिक वर्धन करून त्याचे मस्तक न्याहाळले, तर कोणी स्त्रीबीजाभोवती असणाऱ्या हायलुरोनन या द्रव्याला चिकटणारेच शुक्रजंतू परिपक्व मानले. या दुसऱ्या पद्धतीची ब्रिटनमध्ये २,७७२ जोडप्यांवर पद्धतशीर परीक्षा झाली, आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पूर्ण दिवसांच्या जिवंत जन्मांचे प्रमाण तिने लक्षणीय वाढविले नाही. पदराला खार लावून आशेने आलेल्या दांपत्यापुढे नवी पद्धत ठेवताना हा निष्कर्ष सांगणे मी वैद्याचे कर्तव्य समजतो.

येथवर निवडीचा निकष सामर्थ्य हा होता. यापुढे त्यात इच्छा शिरली. १९७३ साली रोनाल्ड एरिक्सन यांनी प्रथिनयुक्त द्रवाच्या स्तंभातून वाय गुणसूत्राचे, म्हणजे पुत्रजन्माचे, शुक्रजंतू वेगळे काढता येतात असे प्रतिपादिले. पुढील कसोट्यांत तो दावा टिकला नाही. मात्र अमेरिकेच्या कृषिखात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील संशोधनकेंद्रात लॉरेन्स जॉन्सन यांनी खरा मार्ग शोधला. एक्स गुणसूत्राच्या शुक्रजंतूत वायच्या मानाने गुणद्रव्य (डीएनए) थोडे अधिक असते, बैलात सुमारे ३.८ टक्के आणि माणसात सुमारे २.८ टक्के; त्याला रंग देऊन लेसरखाली एकेक थेंब पारखला की हा फरक उजेडाच्या तीव्रतेत उमटतो, आणि विद्युत्भार देऊन थेंब दोन बाजूंना वळविता येतात. १९८९ साली अशा निवडीतून सशाची पिले जन्मली. पुढे व्हर्जिनियात हीच पद्धत 'मायक्रोसॉर्ट' या नावाने मानवासाठी अजमावली गेली, आणि तिचा मूळ उद्देश, मुलग्यांत उतरणारे हिमोफिलियासारखे आनुवंशिक रोग टाळणे, निःसंशय करुणेचा होता.

परंतु जेथे मुलगी नको असते तेथे हेच यंत्र कोणत्या कामी लागेल, हे मुंबईच्या स्त्रीकार्यकर्त्यांनी फार लवकर ओळखले होते. ऐंशीच्या दशकात त्यांनी उभारलेल्या मंचाने गर्भलिंगनिदानाच्या जोडीनेच गर्भपूर्व लिंगनिवडीलाही विरोध पुकारला. त्यांच्या चळवळीमुळे १९८८ साली महाराष्ट्राने देशातील पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला, आणि १९९४ साली केंद्राने त्याचे अनुकरण केले. कायदा झाला तरी अंमल झाला नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, त्या २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ उरल्या. २००० साली 'सेहत' आणि पुण्याची 'मासूम' या संस्था व डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि केंद्रीय कायद्यातील २००३ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने पुरुषबीज किंवा स्त्रीबीज यांच्यावर लिंगनिवडीची कोणतीही क्रिया करण्यास साफ मनाई झाली. अपत्याचे लिंग निवडणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असा अर्ज एका दांपत्याने मुंबई उच्च न्यायालयात केला, तेव्हा २००५ साली न्यायालयाने तो फेटाळला.

याच महाराष्ट्रात उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापिलेल्या 'बायफ' या संस्थेने गोठवलेले वीर्य शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले, आणि आज कालवडच जन्मावी म्हणून लिंगनिश्चित वीर्य गोठ्यांतून राजरोस वापरले जाते. गोठ्यात मादी हवी, कारण ती दूध देते. घरात तीच नकोशी होते, कारण तिच्या जन्माचा हिशेब आपण हुंड्याच्या आणि वारसाहक्काच्या खातेवहीत मांडतो. यंत्र दोन्हीकडे एकच, निकष मात्र समाजाने पुरविलेला. म्हणून निर्बीज पुरुषाला आणि रोगाने ग्रासलेल्या कुळाला या विद्येचा लाभ निःशंक मिळावा, तिच्या प्रत्येक नव्या दाव्याची खुली परीक्षा व्हावी, आणि जेथे ती मुलीच्या जन्माआधीच तिच्याविरुद्ध निकाल देते तेथे कायद्याचा अंमल कागदावर न राहता कसोशीने व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण सामर्थ्याची निवड हे वैद्यकाचे काम असले, तरी कोणी जन्माला यावे आणि कोणी येऊ नये हे समाजाच्या लोभाने ठरवावे, असा हक्क या साडेतीनशे वर्षांतील एकाही शोधाने आपल्याला दिलेला नाही.