पाचातलं पाचवं



मागच्या महिन्यात मी कोकम सरबतावर बोलले, त्यानंतर आपल्या केंद्रावर एका ताईंचा फोन आला. त्यांची मुलगी गोव्यात नोकरीला असते. सुट्टीत घरी आली तेव्हा म्हणाली, "आई, परसात एवढे काजूचे बोंडू पडलेत, आपण घरी कॉकटेल करू या का? अगदी सोपं असतं." ताईंनी तिला असं काही सुनावलं की पोरगी दोन दिवस धड बोलली नाही. ताई मला म्हणाल्या, "सासऱ्यांच्या दारूपायी या घरानं काय काय सोसलं ते माझं मला माहीत. त्या घरात मला हे नावसुद्धा नको. पण मला एवढं सांगा, हे कॉकटेल म्हणजे असतं काय, आणि आपल्याकडे आलं कुठून?"

माय-लेकींच्या भांडणात मी पडत नाही. पण "आलं कुठून" याचं उत्तर शोधायला बसले आणि मलाच गंमत वाटली. ते आलं कुठून, यापेक्षा ते गेलं कुठून हा प्रश्न खरा आहे. आणि ते गेलं आपल्याच किनाऱ्यावरून.

'कॉकटेल' हा शब्द तसा अमेरिकेतला. दारू, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचं मिश्रण म्हणजे कॉकटेल, असा खुलासा तिथल्या एका वर्तमानपत्रानं १८०६ साली छापला होता. पण दारूत फळाचा रस, साखर आणि मसाला घालून पिण्याची तऱ्हा त्याआधी पावणेदोनशे वर्षं चालू होती. तिचं नाव 'पंच'. इंग्रज कंपनीच्या इथल्या नोकरांच्या पत्रव्यवहारात हे नाव १६३२ सालीच सापडतं.

सहा वर्षांनी, १६३८ मध्ये, मांडेल्सलो नावाचा एक तरुण जर्मन प्रवासी सुरतेत आला आणि इंग्रजांच्या वखारीत राहिला. त्यानं तिथल्या शुक्रवारच्या बैठकीचं वर्णन लिहून ठेवलं आहे. वखारीचा प्रमुख आणि त्याच्या नात्यातले तीन व्यापारी बायकांना विलायतेत ठेवून आले होते. घर सोडून निघाले तो वार शुक्रवार. म्हणून दर शुक्रवारी प्रार्थना आटोपली की हे चौघे जमत आणि आपापल्या बायकोच्या आरोग्यासाठी पेला उचलत. कुणी परदेशी वाइन घेई, कुणी पंच. काही जण झेपेल त्याहून जास्त घेत, असंही मांडेल्सलो सांगतो. बायका सातासमुद्रापार, त्यांच्या आरोग्यासाठी पिणार हे, आणि उचलून खोलीवर न्यायचं बहुधा नोकरांनी! नवऱ्यांची निमित्तं किती जुनी आहेत पाहा.

त्या पंचात काय असे, तेही त्यानं लिहिलं आहे. कडक दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. बर्फाचं नाव नाही, कारण बर्फ नव्हताच. मुंबईत बर्फ आला तो १८३४ च्या सुमारास, तोही अमेरिकेतून जहाजात भरून.

आता नाव. पंच हा शब्द आपल्याला ऐकताक्षणी कळतो. पंचामृत, पंचनामा, पंचपाळं, सगळीकडे पाचच. जॉन फ्रायर नावाचा कंपनीचा डॉक्टर १६७३ च्या अखेरीस मुंबईत उतरला. पुढे तो जुन्नरपर्यंत जाऊन आला, गोव्यातही हिंडला. त्याचं प्रवासवर्णन १६९८ साली लंडनला छापलं गेलं. त्यात तो म्हणतो की गोव्यातल्या नेरुळला फार उत्तम अर्क गाळतात. हे नवी मुंबईतलं नेरुळ नव्हे हं, बार्देशातलं. या अर्कापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज एक पेय करतात, अंगातलं त्राण काढून घेणारं, आणि त्यात पाच जिन्नस पडतात म्हणून त्याला हिंदुस्थानी भाषेतला पाचाचा शब्द लावतात. डॉक्टर असल्यामुळे पेयाची तारीफ करताकरता त्यानं दोषही सांगून टाकला.

सगळ्या अभ्यासकांना ही व्युत्पत्ती पटत नाही. मांडेल्सलोच्या यादीत जिन्नस चारच आहेत, मग पाच कुठले, असं ते विचारतात. काहींना वाटतं की जहाजावरच्या मोठ्या पिंपाला इंग्रजीत जे नाव होतं त्यावरून हा शब्द आला. मला मात्र फ्रायरचं म्हणणं सरळ वाटतं. एखाद्या घरी पंचामृतात मध नसला तर आपण त्याला चतुरामृत म्हणतो का? नाव राहतं, जिन्नस कमीजास्त होतात.

साधारणपणे ते पाच असे: अर्क, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला. बंगालकडे हेच पेय पाहणाऱ्या बर्निये या फ्रेंच डॉक्टरनं मसाल्याच्या जागी जायफळ सांगितलं आहे. आणि चवीला बरं पण प्रकृतीला घातक, असा शेराही मारला आहे. म्हणजे दोन डॉक्टर, दोन किनारे, आणि मत एकच.

हे पाच जिन्नस डोळ्यांपुढे आणा. लिंबू परसातलं. साखर उसाची. पाणी विहिरीचं किंवा माठातलं. जायफळ, आलं, जिरं फडताळातलं. यातले चार आपल्या कुठल्याही स्वयंपाकघरात होते आणि आहेत. त्यांचं आपण काय करत होतो? सरबत. परक्यांनी त्यात भर घातली ती पाचव्याची, आणि अर्कही त्यांनी आणला नव्हता, इथल्याच भट्टीतून घेतला होता.

शब्दांकडे पाहिलं तर ही दोन भावंडंच आहेत. शराब आणि सरबत हे दोन्ही शब्द 'पिणे' या अर्थाच्या एकाच अरबी धातूपासून निघाले. औषधाचं 'सिरप' आपण पोरांना पाजतो, तेही त्याच कुळातलं. आणि अर्क म्हणजे अरबीत घाम. भट्टीवर वाफ थंड होऊन थेंब थेंब जमतो, तो घामासारखा दिसतो म्हणून. गोव्याचा हुर्राक हा त्याच शब्दाचा मुलगा.

हुर्राकाचं नाव घेतलंच आहे तर तो होतो कसा ते सांगते, कारण फोनवरच्या ताईंची मुलगी बोलत होती ती त्याबद्दलच. काजू आपल्याकडचा नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो ब्राझीलहून आणला. फ्रायरच्या वेळचा अर्क मुख्यतः माडा-ताडाच्या ताडीचा. काजूनं पुढे त्याची जागा घेतली. फाल्गुन-चैत्रात बोंडू पिकून गळून पडले की ते वेचायचे, बी पिळून वेगळी करायची, बोंडू कातळातल्या खळग्यात किंवा कुंडात तुडवायचे. चोथ्याचा ढीग करून ठेवला की त्यातून आपसूक ठिबकतो तो रस म्हणजे नीरो, नितळ आणि गोड. पुढे वजन ठेवून पिळलेला रस तीनेक दिवस आंबवतात आणि भट्टी लावतात. पहिल्या धारेचा तो हुर्राक, सौम्य, फार न टिकणारा, म्हणून उन्हाळ्यापुरताच. तो पुन्हा गाळला की फेणी. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला वारसा पेयाचा मान दिला.

आता हुर्राक पितात कसा, ते पाहा. पेल्यात हुर्राक, वर लिंबू पिळायचं, लिंबाच्या चवीचं गोड सोडावॉटर ओतायचं, मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची टाकायची. मोजा. अर्क, आंबट, गोड, पाणी आणि तिखट. पाच! बार्देशात साडेतीनशे वर्षांपूर्वी फ्रायरनं सांगितलेला पंच आजही एप्रिलच्या संध्याकाळी तिथल्या पडवीत बसलेला आहे, फक्त जायफळाची जागा मिरचीनं घेतली आहे. पिणाऱ्यांना हे ठाऊक असेलच असं नाही.

मधल्या काळात पंच विलायतेला गेला. अर्काच्या जागी वेस्ट इंडिजची रम आली, चिनीमातीचे मोठे वाडगे आले, श्रीमंतांच्या मेजावर तो मिरवला. तो सगळा थाट मी सोडून देते. मला बोलायचं आहे ते इथल्या घराबद्दल.

ज्या इंग्रजांनी आमच्या भट्टीचा अर्क चवीनं घेतला, त्यांच्याच सरकारला पुढे त्या भट्टीत महसूल दिसला. १८७८ चा मुंबईचा अबकारी कायदा आला. ताडीच्या झाडांवर कर वाढला, माडावर चढणारे भंडारी अडचणीत आले, गावोगावची लहान भट्टी बंद होऊन गाळप ठेकेदारांच्या मोठ्या कारखान्यांकडे गेलं. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा वेगळा कायदा झाला. फुलं जवळ बाळगण्यावरच निर्बंध आले. मोह म्हणजे दारू एवढंच सरकारला ठाऊक. आदिवासी बाई ती फुलं वाळवून टंचाईच्या दिवसांत पोरांना शिजवून घालते, हे कायदा करणाऱ्यांच्या हिशेबात नव्हतं. घरची वस्तू घरात ठेवणं गुन्हा झालं आणि तीच वस्तू दुकानात विकत घेणं कायदेशीर झालं. पुरुषाच्या हातातला रोख पैसा त्या दुकानाकडे जाऊ लागला. माझ्या मते आपल्या बायकांच्या दुःखातला मोठा भाग इथे सुरू होतो. घरी गाळलेली दारू निर्दोष होती असं मी म्हणत नाही. पण सणावारी, मोसमापुरती असलेली गोष्ट बारमाही झाली ती दुकानामुळे.

पुढचं आपल्याला माहीत आहे. स्वराज्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, मग सवलती, परवाने. आणि गावातल्या निम्म्याहून अधिक मतदार बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद, हा नियम. त्या मतदानाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या काही जणी आत्ता हे ऐकत असतील. म्हणून फोनवरच्या ताईंचा राग मला समजतो.

पण त्यांच्या लेकीचं बोट जिकडे होतं तिकडेही पाहायला हवं. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याकडे मोसमात काजूच्या बागेत जा. बी गोळा होते, बोंडू झाडाखाली कुजत पडतात, त्यांचा आंबूस वास रस्त्यापर्यंत येतो. वेचणाऱ्या बहुतेक बायका. त्यांना दाम मिळतो तो बीचा. सीमेपलीकडे याच बोंडाला गिऱ्हाईक आहे, कारण तिथे भट्टी आहे. संत्र्याहून कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असलेलं फळ अलीकडे खतासारखं पडून राहतं. हे फळ बाटलीत गेलं तरच त्याला किंमत, असं का असावं?

तेव्हा ताई, लेकीला सांगा, करू या. पंचच करू या, पाचही जिन्नस घालून. पाचव्याच्या जागी फळ. नाहीतरी लग्नाच्या हॉलात 'फ्रूट पंच' म्हणून लाल पाणी देतात, त्यापेक्षा हे बरं.

झाडाखालचे ताजे, न फुटलेले दहा-बारा बोंडू घ्या. बी काढताना तिच्या सालीचा चीक हाताला लागू देऊ नका, कातडी भाजते. बोंडू धुऊन, चिरून, चिमूटभर मीठ लावून हातानं कुस्करा आणि फडक्यातून गाळा. हा रस घशाला धरतो, तो तुरटपणा काढायची युक्ती अशी: लिटरभर रसाला चमचाभर साबुदाणा भरपूर पाण्यात पारदर्शक होईतो शिजवा, पूर्ण गार करा आणि ती पातळ पेज रसात ढवळा. भांडं झाकून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी तुरट गाळ तळाशी बसलेला दिसेल. वरचा नितळ रस हळूच ओतून घ्या, भांडं हलवू नका.

प्रमाण जुन्या पंचाचंच ठेवा, बार्बाडोस बेटावर ते असं सांगत: आंबट एक भाग, गोड दोन, कडक तीन, पाणी चार. आपल्याला कडकाच्या जागी बोंडाचा रस तीन वाट्या. तो मुळात गोड, म्हणून साखरेचा किंवा गुळाचा पाक दोनऐवजी एकच वाटी. लिंबाचा रस एक वाटी फार वाटला तर पाऊण. माठाचं पाणी चार वाट्या. मसाल्याला किसलेल्या आल्याचा रस, भाजलेल्या जिऱ्याची पूड, आणि मोठ्यांच्या पेल्यात एक चिरलेली मिरची. घाटावरच्या मैत्रिणींना बोंडू मिळणार नाहीत, त्यांनी पिकल्या करवंदांचा किंवा जांभळाचा रस घ्यावा. त्याला साबुदाण्याची गरज नाही, पाक मात्र थोडा वाढवावा लागेल.

केलेलं त्याच दिवशी संपवा. बोंडाचा रस उन्हाळ्यात फार लवकर आंबतो. बाहेर राहून त्यावर फेस आलेला दिसला तर पोरांना देऊ नका, झाडाच्या बुंध्याशी ओतून टाका.